शेतीस जोडधंदा म्हणून पर्यटन: कोल्हापूर जिल्ह्यासंबंधी काही विचार

कोल्हापूर जिल्ह्यास पाहुण्यांची वर्दळ नवी नाही. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या दर्शनास, चैत्र पौर्णिमेस सासनकाठ्या घेऊन वाडी रत्नागिरीच्या जोतिबास, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीस, अशा निरनिराळ्या निमित्तांनी महाराष्ट्रातून व कर्नाटकातून लोक पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. नवे आहे ते इतकेच की, या वर्दळीकडे उत्पन्नाचे एक साधन म्हणून शेतकरी आता पाहू लागला आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली त्यांत राधानगरीचे अभयारण्य होते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले व त्यांत पन्हाळ्याचा समावेश झाला. मधल्या काळात, २०२० साली, राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. साहजिकच रस्त्याकडेला ज्याची चार गुंठे जमीन आहे तो शेतकरी आज विचारात पडला आहे. शेजाऱ्याने खोल्या बांधल्या, आपणही बांधाव्यात काय? कर्ज काढावे काय? की रस्त्यालगतचा तुकडा कोणा बाहेरच्यास देऊन मोकळे व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर उत्साहाच्या भरात देणे धोक्याचे आहे. पर्यटनाने खेड्याचे काय होते याचा अभ्यास निरनिराळ्या देशांत, विशेषतः आपल्यासारख्या विकसनशील देशांत, गेल्या काही दशकांत बराच झाला आहे. त्या अभ्यासाचा जो भाग शेतकऱ्यास उपयोगी पडण्यासारखा आहे तो कोल्हापूरच्या परिस्थितीशी ताडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. पर्यटनाचे अर्थशास्त्र अभ्यासणारे विद्वान ‘गळती’ हा शब्द वापरतात. आपल्या शेतकऱ्यास तो समजावून सांगण्याची गरजच नाही. धरणातून पाटात सोडलेले पाणी आणि शेपटाकडच्या शेतात पोहोचलेले पाणी यांत किती अंतर असते हे तो जाणतो. पाहुण्याच्या खिशातून निघालेल्या रुपयाचेही तसेच आहे. तो गावात खर्च झाला म्हणजे गावात राहिला असे नव्हे. समजा, पुण्याचे एक कुटुंब दोन दिवस कोल्हापुरास आले. प्रवासाचा खर्च गाडीवाल्याकडे आणि पेट्रोल कंपनीकडे गेला. खोलीचे भाडे लॉजमालकाकडे गेले व त्यातील काही हिस्सा खोली ठरवून देणाऱ्या दूरच्या कंपनीने दलाली म्हणून कापून घेतला. जेवणाचे पैसे खाणावळीत गेले, पण खाणावळीतील कोंबडी, तेल, मसाला, भाजी ही कोठून आली? जिल्ह्यातील पाण्याखालची बहुतेक जमीन उसाने व्यापली आहे, आणि शहराच्या स्वयंपाकघरांत जाणारा भाजीपाला पुष्कळसा बाहेरच्या तालुक्यांतून व सीमेपलीकडून येतो. म्हणजे पाहुणा आपला, रस्सा आपला, आणि त्यातील कोथिंबीर दुसऱ्याची. लहान व आयातीवर विसंबणाऱ्या देशांत ही गळती फार मोठी असते आणि ज्या देशात नाना प्रकारचा माल पिकतो तेथे ती कमी असते, असे अभ्यासकांस आढळून आले आहे. जे देशाचे तेच जिल्ह्याचे.

पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया या लहानशा देशाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तो देश भुईमुगाचा. समुद्रकिनाऱ्यावर हिवाळ्यात युरोपातील पाहुण्यांची गर्दी होते. हॉटेलांस भाजी हवी असे, परंतु ती परदेशातून आणली जाई, कारण गावच्या बायका ज्या बागा करीत त्यांतील माल एकाच वेळी आणि एकाच प्रकारचा बाजारात येई. महिनाभर टोमॅटोस कोणी विचारीत नसे आणि पुढच्या महिन्यात तो मिळत नसे. हॉटेलाच्या स्वयंपाक्यास असा पुरवठा काय कामाचा? २००४ च्या सुमारास तेथे एक योजना सुरू झाली. तिने  पाहुण्यांच्या हंगामाशी पेरणीचे वेळापत्रक जुळविले, माल निवडून एकत्र केला आणि हॉटेलांशी आगाऊ बोलणी केली. तीत मुख्यत्वे स्त्री शेतकरीच होत्या.

आपल्या देशात केरळ राज्याने २००८ साली कुमरकोम येथे असाच प्रयोग केला. वेंबनाड सरोवराच्या काठी मोठमोठी हॉटेले उभी राहिली होती, आणि गावकऱ्यांत त्यांच्याविषयी नाराजी होती. जमीन गेली, पाण्याकडे जाण्याची वाट गेली, आणि हाती फारसे आले नाही अशी ती तक्रार होती. शासन, ग्रामपंचायत व हॉटेलमालक एकत्र बसले. कुटुंबश्रीच्या महिला गटांनी भाजी, अंडी, नारळ पुरवावयाचे आणि हॉटेलांनी ते ठरल्या भावाने घ्यावयाचे, असे ठरले. भाव ठरविण्यास एक समिती व प्रतीची पाहणी करण्यास दुसरी समिती नेमली गेली. आरंभी पुरवठा अनियमित होता आणि हॉटेलवाले कुरकुरत. पुढे पडीक जमिनी लागवडीखाली आल्या. केरळच्या या कार्यास पुढे जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराचे कौतुक असो. शेतकऱ्याने लक्षात घ्यावयाचे ते हे की, कुमरकोमच्या त्या बायांपैकी कोणी एकही खोली बांधली नव्हती.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापूरच्या खाणावळींत तांबडा व पांढरा रस्सा हा पाहुण्याचा पहिला आग्रह. त्यास कांदा, लसूण, आले, कोथिंबीर, तीळ, खसखस, खोबरे, लाल मिरची लागते. यांपैकी खसखस सोडली तर येथे पिकणार नाही असे फारसे काही नाही. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी जवारी मिरचीचा एके काळी मोठा दबदबा होता. ब्याडगी व गुंटूरकडील मिरचीने ती जागा पुष्कळशी घेतली आहे. आजऱ्याच्या घनसाळ तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्याचा वास ज्याने एकदा घेतला आहे त्यास तो पुन्हा सांगावा लागत नाही. परंतु कोल्हापूर शहरातील किती खाणावळींच्या पाटीवर ‘आजरा घनसाळचा भात’ असे लिहिलेले आढळते? हे काम सरकारने करावयाचे नसून आजऱ्याच्या शेतकरी गटाने दहा किलोचे नमुन्याचे पोते घेऊन पाच खाणावळवाल्यांच्या दारी जाण्याचे आहे.

पेरणीच्या वेळापत्रकाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. या जिल्ह्यातील पाहुण्यांचे मोठे लोंढे ठरलेले आहेत: आश्विनातील नवरात्र, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरची अखेर, चैत्रातील जोतिबाची यात्रा आणि मे महिना. तिथी पंचांगात आधीच छापलेल्या असतात. त्या पाहून उलटे मोजावे. मेथी पेरल्यापासून चार आठवड्यांत व कोथिंबीर पाच ते सहा आठवड्यांत काढणीस येते. म्हणून घटस्थापनेच्या आठवड्यात मेथी हवी असेल तर भाद्रपदाच्या आरंभी पहिला वाफा व त्यानंतर आठ-आठ दिवसांनी पुढील वाफे पेरावेत. म्हणजे नवरात्रभर रोज माल देता येईल. त्या दिवसांत पाऊस रेंगाळतो, यास्तव गादीवाफ्यावरच पेरणी करावी व निचऱ्याची चर आधी काढावी. टोमॅटोची रोपलागण आषाढाच्या उत्तरार्धात केली तर पहिली तोडणी नवरात्राच्या सुमारास मिळते. मेच्या सुट्टीसाठी काकडी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये टप्प्याटप्प्याने टोकावी. उसाच्या नव्या लागणीत सरीच्या बगलेस मेथी-कोथिंबिरीचे आंतरपीक घेण्याची रीत येथे पुष्कळांस ठाऊक आहेच. तीच रीत गिऱ्हाईक आधी ठरवून केली, तर भाजी मंडईत ओतून यावी लागत नाही.

पन्हाळा तालुक्यातील एका शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास एकदा विचारले, “साहेब, दोन खोल्या बांधाव्यात का दोन म्हशी घ्याव्यात?” प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यात मोठे शहाणपण आहे, कारण त्याने पाहुण्यास जोडधंद्यांच्या रांगेत त्याच्या योग्य जागी उभे केले होते. त्यास कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब करून दाखविला तो येथे देतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

समजा, शौचालयासह दोन खोल्यांस ८ लाख रुपये लागले व ते सर्व दहा वर्षांच्या मुदतीने, द. सा. द. शे. ११ व्याजाने कर्जाऊ घेतले. मासिक हप्ता सुमारे ११,००० रुपये, म्हणजे वर्षास १ लाख ३२ हजार रुपये होतो. एका खोलीचे एका रात्रीचे जेवणासह १,५०० रुपये घेतले आणि शिधा, धुलाई, वीज, मदतनीस यांचा खर्च वजा जाता ७०० रुपये उरले असे धरू. हप्त्यापुरते पैसे जमण्यासच वर्षाला १८९ खोली-रात्री भरल्या पाहिजेत. पाहुणा बहुधा शनिवारी येतो. दोन्ही खोल्या वर्षाचे बावन्न शनिवार भरल्या तरी १०४ रात्री होतात. शुक्रवार व शनिवार अशा दोन्ही रात्री धरल्या तर २०८ होतात. परंतु त्यांतून मुसळधार पावसाचे, परीक्षांचे व इतर रिकाम्या दिवसांचे पंधरा आठवडे वजा केले की १४८ उरतात. म्हणजे धंदा उत्तम चालला असे लोक म्हणत असतील त्या वर्षीही हप्त्याची भरपाई उसाच्या बिलातून करावी लागेल. म्हैस निदान आठवड्याचे सातही दिवस धार देते, आणि गावात दूध संस्था रोज ते घेते.

याचा अर्थ खोल्या कोणीच बांधू नयेत असा नव्हे. ज्यांच्या घरी वापरात नसलेली माडी आहे, ज्यांच्या शिवारातून गड दिसतो, ज्यांच्या घरातील माणसांस बोलण्याचालण्याची हौस आहे, त्यांनी असलेल्या जागेची डागडुजी करून आरंभ करावा. कर्जाने नवे बांधकाम करण्याची घाई मात्र करू नये. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाकडे पाहावे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती राखली, आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यास शहरांतून लोक येतात. ते गावकऱ्यांच्या राहत्या घरीच उतरतात, ओसरीवर निजतात, घरचे जेवतात. हंगाम संपला की गाव पुन्हा आपल्या आंबा-काजूच्या कामास लागते. गुंतवणूक थोडी, म्हणून भीतीही थोडी.

आपल्या राज्यात कृषी पर्यटन या नावाने जे काम चालते त्याचा एक आरंभ बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ साली झाला. त्यानंतर ठिकठिकाणी अशी केंद्रे निघाली. काही ठिकाणी खरोखर शेती आहे आणि तिच्या जोडीस पाहुणे आहेत. काही ठिकाणी मात्र पोहण्याचा तलाव, कर्णा लावून गाणी, आणि शोभेला ठेवलेली एक बैलगाडी एवढेच दिसते. शेती औषधालाही नाही. येथे इटली देशाचा कायदा आठवतो. त्या देशाने १९८५ साली शेतावरील पाहुणचारासाठी कायदा केला, आणि त्यात एक साधी अट घातली: पाहुणचार हा शेतीच्या जोडीचा असावा, शेतीची जागा घेणारा नसावा. पाहुण्याच्या ताटात मुख्यत्वे आपल्या शेतातील माल वाढावा हेही त्यात आले. डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्याने जमीन सोडून जाऊ नये हा त्यामागील उद्देश होता. आमच्या मते ही अट कायद्याने घातली जावो वा न जावो, शेतकऱ्याने ती आपणहून पाळणे त्याच्याच हिताचे आहे. कारण तलाव व कर्णा यांत शहरच्या भांडवलदारापुढे तो कधीच टिकणार नाही, आणि त्याच्याजवळ जे आहे ते त्या भांडवलदारास विकत घेता येणार नाही.

त्याच्याजवळ काय आहे? कोल्हापुरापुरते बोलावयाचे तर गुऱ्हाळ. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली तेव्हापासून कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि तरी गुऱ्हाळांची संख्या घटत चालली आहे. मजूर मिळत नाहीत, गुळव्या मिळत नाही, साखर कारखान्याचा दर व गुळाचा भाव यांचा मेळ बसत नाही, आणि साखर मिसळलेला स्वस्त गूळ बाजारात अस्सल गुळाच्या शेजारी बसतो. अशा स्थितीत गुऱ्हाळावर येणारा पाहुणा हा केवळ करमणुकीचा विषय नाही. तो साक्षीदार आहे. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाड जळते, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते व ती काढली जाते, रस तांबूस होतो, १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास काकवी होते आणि ११८ अंशांच्या सुमारास आधण उतरविले जाते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यास अस्सल गूळ पिवळाजर्द नसतो हे समजावून सांगावे लागत नाही. रंगासाठी हायड्रॉस पूड घालण्याची जी वाईट खोड काही ठिकाणी पडली आहे ती व्यापाऱ्यास पिवळा रवा हवा म्हणून पडली. तपकिरी गूळ आवडीने मागणारे गिऱ्हाईक समोर उभे राहिले, तर ती खोड सुटण्यासही मदत होईल.

याचाही हिशेब पाहू. चांगल्या मशागतीच्या एक एकर उसापासून ४० टन ऊस व त्यापासून शेकडा ११ प्रमाणे ४४ क्विंटल गूळ होतो असे धरू. तीस किलोच्या रव्याऐवजी एक-एक किलोच्या लहान ढेपा करून, बांधणीचा खर्च वजा जाता, थेट विक्रीत किलोमागे ३० रुपये अधिक मिळाले, तर पूर्ण गुळावर १ लाख ३२ हजार रुपये होतात. वरील खोल्यांचा हप्ता तेवढाच होता. सर्वच गूळ पाहुण्यांस विकला जाईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु चौथा हिस्सा, म्हणजे ११ क्विंटल जरी असा गेला तरी ३३ हजार रुपये वाढीव मिळतात. आणि त्यासाठी प्रत्येकी दोन किलो नेणारी ५५० कुटुंबे हवीत. गुऱ्हाळाचा हंगाम पाच महिन्यांचा धरला तर दिवसास चारसुद्धा नाहीत. कर्ज शून्य. उसाची जात निवडताना को ९२००५ सारखी गुळास मानवणारी जात घ्यावी. याविषयीचा सल्ला कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडून अवश्य घ्यावा.

मध्येच एक गोष्ट सांगावीशी वाटते. कणेरीच्या सिद्धगिरी मठाने सिमेंटच्या पुतळ्यांतून जुन्या खेड्याचे जे प्रदर्शन उभारले आहे ते प्रेक्षणीय आहे, आणि तेथे दूरदूरचे लोक तिकीट काढून जातात. सिमेंटचा शेतकरी मोट हाकताना पाहण्यास गर्दी होते, आणि तेथून दोन शेते पलीकडे खराखुरा शेतकरी ऊस तोडीत असतो, त्याच्याकडे कोणी वळत नाही. दोष पाहणाऱ्यांचा नाही. त्याच्या बांधावर कोणी पाटी लावलेली नाही आणि आत येण्यास वाट केलेली नाही. उलट कोल्हापूर शहरातील गंगावेशीचा दूधकट्टा पाहा. म्हशी तेथे आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दलाल नाही, पाटी नाही, तरी परगावचा माणूस विचारत विचारत येतो. (कच्च्या धारोष्ण दुधातून रोगजंतू पोटात जाण्याचा संभव असतो, म्हणून आपल्या गोठ्यावर पाहुण्यास दूध द्यावयाचे ते तापवूनच द्यावे, मग तो कितीही आग्रह करो.)

पाहुणचाराचा सर्वांत मोठा भार कोणावर पडतो हा विषय सभांत निघत नाही, म्हणून तो येथे स्पष्टपणे काढतो. कारभारी पाहुण्यांशी गप्पा करतो. भाकरी थापते ती घरची बाई. पहाटे शेणघाण, दुपारी भांगलण, त्यावर वीस माणसांचा स्वयंपाक, भांडी आणि चादरी. विकसनशील देशांतील घरगुती पाहुणचारावर जे अभ्यास झाले त्यांत स्त्रियांच्या हाती पैसा आला की नाही यावरच त्या धंद्याचे बरेवाईट अवलंबून असल्याचे पुनःपुन्हा दिसून आले आहे. जो शेतकरी या धंद्यात पडू इच्छितो त्याने प्रथम घरातील स्त्रियांस विचारावे, आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर तेथेच थांबावे. त्या ‘हो’ म्हणाल्या तर जेवणाचे पैसे त्यांच्या नावच्या खात्यात जमा व्हावेत. एका घराने एकट्याने करण्यापेक्षा गावातील बचत गटाने पाळीपाळीने स्वयंपाक करणे अधिक सोयीचे पडते. एका घरी दु:ख-सुतक, आजारपण किंवा सुगी आली तर दुसरे घर काम उचलते. अन्न शिजवून विकावयाचे म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते, तीही गटाच्या नावे करता येते.

खोल्यांविषयी सावधगिरीचा सल्ला दिला, पण शौचालयाविषयी तो नाही. स्वच्छ, पाण्याची सोय असलेले व आतून कडी लागणारे शौचालय नसेल तर दिवसाचाही पाहुणा बोलावू नये. घरातील बायका-मुले बरोबर असलेला पाहुणा पुन्हा येईल की नाही हे रश्श्यावर ठरत नसून यावर ठरते. उघड्या विहिरीस कठडा हवा. चरकाच्या पट्ट्यास जाळी हवी आणि काहिलीपासून पाच-सहा हातांवर आडवा बांबू बांधून मुलांस त्याच्या आत येऊ देऊ नये. उकळत्या रसाची भाजणी पाण्यापेक्षा वाईट असते, कारण तो अंगास चिकटतो. औषध फवारलेल्या शेतात ठरलेली मुदत संपेपर्यंत कोणास नेऊ नये, आणि तेथील वांगी तर मुळीच तोडून देऊ नयेत. पाहुण्याने आणलेले प्लॅस्टिक पाहुण्याबरोबरच परत जावे, असे आल्या-आल्या हसतमुखाने सांगावे.

राधानगरी व दाजीपूर भागातील शेतकऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य १९५८ साली घोषित झाले. शहरच्या माणसास गवा दिसला की आनंद होतो. शेतकऱ्याच्या भातात तोच गवा रात्री उतरला की वर्षाचे धान्य जाते. एकाच जनावराचा आनंद एकाकडे व तोटा दुसऱ्याकडे, ही वाटणी न्यायाची नाही. वाटाड्याचे काम, न्याहारी, मध व घरच्या तांदळाची विक्री ही त्या सीमेवरच्या गावांच्या हाती राहतील अशी व्यवस्था जेथे होईल तेथेच गव्याविषयी आपुलकी टिकेल. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेणे, गर्दीस मर्यादा घालणे व राखणदारी करणे यांत आसपासच्या गावांच्या समित्यांस वनखात्याने सामील करून घेतले आहे. ही पद्धत मसाई पठारासारख्या ठिकाणीही अभ्यासण्याजोगी आहे.

रिचर्ड बटलर या भूगोलतज्ज्ञाने १९८० साली असे दाखवून दिले की, पर्यटनस्थळासही पिकासारख्या अवस्था असतात. प्रथम थोडे चोखंदळ पाहुणे येतात, मग ओघ वाढतो, मग बाहेरचे भांडवल येते, आणि शेवटी गर्दीने ज्याच्यासाठी लोक येत होते तेच नाहीसे होते. पन्हाळ्याच्या परिसराची आज कोणती अवस्था आहे हे ज्याने त्याने ठरवावे. ज्या शेतकऱ्याने दुसऱ्या अवस्थेत रस्त्याकडेची जमीन विकली तो तिसऱ्या अवस्थेत त्याच जमिनीवरील हॉटेलात चौकीदार म्हणून राहतो, हे चित्र थंड हवेच्या अनेक गावांत पाहावयास मिळते.

राहता राहिली संकटांची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेस महापूर आला तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. शिरोळ, करवीर व हातकणंगले तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. त्यांच्या दरम्यान, मार्च २०२० पासून, साथीमुळे देवळांची दारेच बंद झाली. ती नोव्हेंबरात उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली व ऑक्टोबर २०२१ मध्ये नवरात्राच्या आरंभी परत उघडली. ज्यांचा सारा प्रपंच यात्रेकरूंवर होता त्यांनी त्या दोन वर्षांत काय सोसले हे कोल्हापुरात सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या दावणीस जनावर व कणगीत धान्य होते त्याचे पाहुण्यांवाचून भागले. म्हणून एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भार पाहुण्यांवर टाकू नये असे आमचे मत आहे. हे मोजमाप कोणा ग्रंथातील नसून केवळ व्यवहाराचा अंदाज आहे.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनी कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीविषयी पर्यटन संचालनालयाकडे व लागवडीच्या वेळापत्रकाविषयी आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. परंतु त्याआधी एक हंगामभर साधी नोंदवही ठेवावी. दसऱ्यानंतर गुऱ्हाळे पेटू लागली की बांधावर जो कोणी थांबेल त्याची तारीख, गाव, बरोबरची माणसे, किती वेळ थांबला आणि काय विकत घेतले हे लिहावे. त्यापुढे एक रकाना असाही आखावा की, त्याने काय मागितले जे आपणाजवळ नव्हते. पाडव्यास वही उघडली की खोल्यांची मागणी जास्त झाली की काकवीच्या बाटल्यांची, हे आकड्यांतच दिसेल.